एकदा ठोकली की पुढं

माझा बा कसाऱ्याला रेल्वेत चावीवाला होता. म्हणजे रूळ जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या ज्या लोखंडी चाव्या असतात, त्या रोज हातोड्यानं ठोकून बघायच्या, ढिली असेल ती घट्ट करायची आणि घाटाकडं चालत राहायचं. घरी आला तरी हात थांबायचा नाही. खाटेचा पाय ठोकून बघ, दाराची बिजागरी ठोकून बघ. एकदा तर भोपळा पिकलाय का ते बघायला हातोडा घातला आणि आयच्या शिव्या खाल्ल्या.

अशा घरात माझं डोकं बिघडलं, तर ते कळणार कुणाला?

अकरावीत सुरू झालं. शाळेला निघताना मी दाराची कडी बघायची. थोडं पुढं जाऊन परत यायची, परत बघायची. मग चूल. निखारा राहिला असेल म्हणून राखेत बोटं घालायची. शहापूरची एसटी निघून जायची आणि मी अजून दारातच. बा मात्र वाडीभर कौतुक सांगत सुटलेला. "माझी बाय माझ्यावर गेली. बघितल्याबिगर पुढं नाय जायाची!"

मला लाजही वाटायची आणि बरंही वाटायचं. आत काय चाललंय ते त्या बिचाऱ्याला कुठं ठाऊक होतं? कडी नीट लागली नसेल तर घराला काहीतरी होईल, आयला काहीतरी होईल, आणि ते माझ्यामुळं होईल, असं डोक्यात सारखं चालायचं. हे खोटं आहे हे मला कळत होतं. कळूनही थांबता येत नव्हतं, हीच तर गंमत. गंमत कसली मेली!

आणि मला तर नाशिकला जायचं होतं. बारावी झाली की घाट चढायचा, होस्टेलवर राहायचं, कॉलेज करायचं. कुणी विचारलं की मी छाती काढून सांगायची. पण घरची एक कडी मला सोडत नव्हती, तिथं नाशिक कुठलं?

हळूहळू मी आयला विचारायला लागले. "आये, कडी लागली ना?" "लागली गो." "बघितलीस ना?" "बघितली गो बाय." शेतावर जाताना, भाकरी थापताना, कधीही. ती बिचारी दर वेळी तितक्याच मायेनं सांगायची, आणि तिचं उत्तर मला पाण्याच्या घोटाएवढं पुरायचं. पुन्हा तहान लागलेलीच.

शेजारच्या काकूनं आयला हळूच विचारलं, "ठाण्याला न्यायाची का काय हिला?" आमच्याकडं ठाण्याला न्यायचं म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे पोरासोरांनाही कळतं. आयनं तिला चांगलंच सुनावलं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप भगताला घेऊन आली. भगतानं अंगारा लावला, दारावर लिंबू टांगलं आणि सांगितलं, हे पडता कामा नये. झालं! कडी होती, चूल होती, आता लिंबूपण बघायला लागलं.

बारावीच्या पूर्वपरीक्षेत कडेलोट झाला. मी पेपरावर माझा नंबर लिहिला आणि तो बरोबर आहे का ते बघत बसले. आकड्यावर बोट ठेवायचं, वाचायचं, पुन्हा वाचायचं. घंटा झाली तेव्हा खाली दीड उत्तर होतं. आमच्या वर्गाच्या बाई तो पेपर घेऊन मला बाजूला घेऊन गेल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "तुला येतं सगळं, मला माहीत आहे. मग झालं काय?" मी तिथंच रडले. बाईंनीच कल्याणच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, याला मंत्रचळ म्हणतात, हा आजार आहे, पुष्कळांना होतो. गोळ्या दिल्या. मला सांगितलं, एकदाच बघायचं, मग जीव कितीही ओढला तरी मागं फिरायचं नाही. आणि आयकडं वळल्या. "तिनं एकदा विचारलं तर सांगा. दुसऱ्यांदा विचारलं तर उत्तर द्यायचं नाही."

"आन् लेकरू रडलं तर?"

"रडू द्यायचं."

परतीच्या वाटेवर आय धुमसत होती. "लेकरानं विचारायचं आन् आयनं दगडावानी बसायचं? बाईला पोरबाळ नसंल!"

ज्या गोष्टीचं वाडीभर कौतुक केलं ती दुखणं निघाली, हे बाला गिळता येत नव्हतं. पुढच्या सुट्टीला तो मला स्टेशनाच्या पुढं, रुळाकडेच्या पायवाटेनं घेऊन गेला. एक चावी ठोकली. टण्ण आवाज आला. पुढची ठोकली. टण्ण. "आयकलंस? एकदा ठोकली, आवाज आला की पुढं. मागं वळून बघत ऱ्हायलो तर घाटात कदी पोचायचो?"

"आन् वाटलं की नीट नाय आयकलं, तर?"

"वाटतं की! रोज वाटतं. वाटू द्यायाचं आन् चालायाचं. चालता चालता जातं."

मी बघतच राहिले. मला वाटायचं, बाला कधी काही वाटतच नाही.

घरी आयची वेगळीच लढाई चाललेली. मी पहिल्यांदा विचारलं की ती सांगायची. दुसऱ्यांदा तोंड उघडलं की ती झटकन फळीवरची मिसरीची डबी उचलायची आणि दातांवर बोट फिरवत बसायची. तोंडात मिसरी असली की बोलता येत नाही ना! मी रडायची, पाय आपटायची, "सांग ना गो आये!" आणि ती डोळ्यांत पाणी आणून मिसरी घासायची. मला इतका राग यायचा! एकदा मी ती डबी उकिरड्यावर भिरकावली. तिनं शोधून आणली, पदरानं पुसली आणि पुन्हा घासायला बसली. इतकी मिसरी घासून तिचे दात कसे राहिले, देव जाणे.

गोळ्यांनी झोप यायची, तोंड कोरडं पडायचं. पण फाल्गुनात परीक्षा येऊन ठेपली तोवर ओढ थोडी सैल पडली होती. पहिल्या पेपराला मी नंबर लिहिला, पेनाचं टोपण बाकावर ठोकलं आणि पान उलटलं. पुढच्या प्रश्नाला पुन्हा टक्. पर्यवेक्षक ओरडले, "काय गं, सुतारकाम चाललंय का?" मी माफी मागितली आणि पुढच्या वेळी टोपण हळू ठोकलं. इंग्रजीत जेमतेम सुटले. बाकीचं बरं गेलं. निकालाच्या दिवशी बानं स्टेशनभर पेढे वाटले.

जूनमध्ये आय-बा दोघं मला पोचवायला नाशिकला आले. गाडी घाट चढायला लागली तशी बा खिडकीतून खाली रुळाकडं बघत राहिला. "ही लाईन माझी," एवढंच म्हणाला. होस्टेलच्या खोलीत शिरल्या शिरल्या त्यानं खाटेचा पाय ठोकला, खिडकीची कडी ओढून बघितली. मग दारात उभा राहून विचारलं, "ऱ्हाशील ना गो बाय एकटी?"

"राहीन."

ते फाटकापर्यंत गेले. बा परत आला. "कडी लावून झोप. ऱ्हाशील ना?"

माझ्या ओठांवर आलं होतं, राहीन म्हणायचं. त्याला बरं वाटलं असतं. मलाही. पण उत्तर दिलं तर तो फाटकातून तिसऱ्यांदा येईल, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? गप्प उभं राहणं इतकं जड असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"बा," मी म्हटलं, "एकदा ठोकलीस ना? आता पुढं."

तो हसला, डोळे पुसले आणि वळला. मी फाटकाकडं बघितलं. आय तिथं ओठ घट्ट मिटून उभी होती. सबंध प्रवासात ती माझ्याशी एका शब्दानं बोलली नव्हती, आणि मला वाटलं होतं, तोंडात मिसरी असेल.

आत्ता आठवलं, डबी तर निघताना घरी फळीवरच राहिली होती.