काचेचं सुतक

महांतेशसरांचा वीजमंडळावर भरवसा नव्हता. अंबाजोगाईच्या टपऱ्यांवर परदेशी शीतपेयं येऊन पोचली होती, वीज मात्र अजून वाटेतच असायची. म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी ट्रकच्या बॅटऱ्या मांडून ठेवल्या होत्या. धूळ, उंदीर, सगळ्यांचा बंदोबस्त केला होता. भक्तिभावाचा तेवढा राहून गेला.

सरांची पीएचडी एका काचेच्या पट्टीवर अडली होती. काच भट्टीत तापवायची, तापलेल्या काचेला हजारो व्होल्टचा दाब द्यायचा आणि ती पार गार होईस्तोवर तो काढायचा नाही. मधेच काढला, की काच सगळं विसरते. जमलं, तर डोळ्याला न दिसणारा लेसर तिच्यात सोडला की हिरवा उजेड बाहेर पडतो. तसा लेसर पुण्याला. परक्यांना मिळायचा तो फक्त दसऱ्याच्या सुट्टीत.

खंडेनवमीला काच भट्टीत ठेवून सर जेवायला घरी गेले, तेवढ्यात प्राचार्य बंकटराव पूजेचं ताट आणि फोटोग्राफर घेऊन आत शिरले. यंत्र चालू आहे, असं शिपाई धोंडीरामाने सांगून पाहिलं. आजच्या दिवशी यंत्राला राबवणं पाप आहे, असं त्यालाच सुनावून प्राचार्यांनी स्वतःच्या हाताने बटण बंद केलं. भट्टीला हार घातला, बॅटऱ्यांना गंध लावलं. फोटो झकास आला.

पुण्यात काचेतून हिरवा ठिपकासुद्धा निघाला नाही.

“पूजा आम्ही मनोभावे केली होती,” प्राचार्य म्हणाले. “तुमचीच श्रद्धा कमी पडली.”

पुढच्या वर्षी गाईडने शेवटची संधी दिली. खंडेनवमीला सर प्रयोगशाळेच्या दारातच बसले. ताट आलं तसे हात जोडून उठले.

“सर, लांबच राहा. सुतक आहे. आतल्या सगळ्याला मी शिवलोय.”

प्राचार्य ताटासकट मागे सरकले. फोटोग्राफर तर जिना उतरूनही गेला.

काच गार झाल्यावर सर घरी आले. लिंगपूजा आटोपून त्यांच्या पत्नी नीलाबाई वाटच बघत होत्या. सुतकाची बातमी सरांच्या आधी पोचली होती.

“आवं, आपल्या लिंगायतात सुतक पाळत्यात का कुटं?”

“प्राचार्यांना कुटं ठाऊक हाय?”

“आन् गेलं कोण म्हणून सांगू? बाया भेटायला यायल्यात.”

“मागल्या दसऱ्याची काच.”

नीलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. गल्लीतल्या बायांना वाटलं, रडताहेत.

पुण्यात यंदा काचेतून हिरवा ठिपका पडला. प्राचार्यांना लई आनंद झाला. सत्कार मात्र त्यांनी तेरावा होऊ दिला, मगच केला.