फिर्मिनचे तीन दिवस

फिर्मिनला भत्त्याच्या कचेरीतून बोलावणं आलंय हे ऐकून मी आधी हसलेच. कॉर्टरेक शहराच्या पंचक्रोशीत त्याच्याइतका नियमाला धरून वागणारा दुसरा बेकार सापडायचा नाही. गालिच्यांची गिरणी बंद पडली तेव्हा तो छप्पन्नचा होता. तेव्हापासून बेकारभत्त्याचं निळं कार्ड कायम खिशात. ज्या दिवशी काम, त्या दिवसाचा चौकोन कामाला हात लावायच्या आधी शाईनं काळा करायचा, आणि त्या दिवसाच्या भत्त्यावर पाणी सोडायचं. भावाच्या छपरावर चढायचं असलं तरी हा गृहस्थ आधी भिंतीला कार्ड टेकवून चौकोन रंगवायचा, मग शिडीवर पाय ठेवायचा. आम्ही त्याची मनसोक्त टिंगल करायचो.

पण गावच्या बँडसाठी पैसे जमवायच्या जेवणावळीला काम कोण म्हणतं? दर सप्टेंबरात तीन दिवस शिंपले आणि तळलेले बटाटे. सगळं गाव राबतं, पैसा कोणी घेत नाही. फिर्मिन शिंपल्यांच्या हंड्यांपाशी होता. फुकटच्या कामाचीसुद्धा कचेरीला आधी वर्दी द्यावी लागते, हे त्याच्या मनात आलं नाही आणि आमच्याही नाही.

मी बँडची चिटणीस. गावच्या साप्ताहिकात आभार मीच छापून आणते. दरवर्षी तेच नगराध्यक्ष आणि तेच पाद्रीबाबा, मला अगदी वीट आला होता. यंदा लिहिलं, ‘फिर्मिन डेकोनिंक तिन्ही दिवस सकाळपासून हंड्यांपाशी उभे होते. ते नसते तर गाव उपाशी राहिलं असतं.’

कचेरीच्या पत्राला हेच कात्रण जोडलेलं होतं. त्याची बायको लुत्गार्ड हिनं ते माझ्यापुढे धरलं. कोणा दुष्मनानं चुगली केली असती तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"मी येते साक्षीला," मी फिर्मिनला म्हटलं. "सांगते, मीच फुगवून लिहिलं. तू एका संध्याकाळी तासभर आला होतास, बस्स."

"बघू," तो म्हणाला.

सुनावणीला कचेरीची एक तरुण बाई होती, स्वभावानं चांगली. कात्रण वाचून तिनं स्वतःच वाट काढून दिली. "आभाराच्या मजकुरात लोक तिखटमीठ लावतातच. तुम्ही तासभरच होतात ना, काका? मग नुसती ताकीद देऊन भागेल."

मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

"नाही हो बाई," फिर्मिन म्हणाला. "तिन्ही दिवस. सकाळी आठपासून."

तेरा आठवडे भत्ता बंद. बाहेर व्हरांड्यात येताच त्याची बाही धरली.

"डोकं फिरलंय का तुझं? तिनं हातात दिलं होतं रे सगळं! घरी खाणार काय? लुत्गार्डला काय सांगशील?"

"तिला सांगूनच आलोय." त्यानं हळूच माझा हात सोडवला. "बत्तीस वर्षं गिरणीत काढली, गं. शेवटच्या दिवशी फाटकावर यादी लावली, त्यात माझं नावसुद्धा चुकलेलं. माझ्याबद्दल चांगलं असं छापून आलं ते एवढंच. ते खोटं आहे असं मीच कसं सांगू?"