विमानतळावर जेवून आलेल्या केशरबाई

केशरबाई विमानात बसून दिल्लीला गेल्या, ही बातमी अमरावतीत आमच्या गल्लीत सकाळी नळाबरोबर आली. नळ जाईपर्यंत बाईंना मंत्र्याच्या शेजारची खिडकीसुद्धा मिळाली होती. संध्याकाळी त्याच केशरबाई एसटी स्टँडवरून तुटकी चप्पल फरफटत घरी आल्या, आणि सगळ्यांचा हिरमोड झाला. त्या अकोल्याच्या विमानतळावर गेल्या होत्या, एवढंच खरं. आणि तिथं जेवून आल्या होत्या.

त्या वर्षांत तिथं रोजचं विमान कुठलं यायला? पण वऱ्हाडात शेतकरी जीव देऊ लागले, तशी पाहणी करणारी पथकं उतरू लागली. पथक आलं की पोलीस आले, ड्रायव्हर आले, पेपरवाले आले, आणि साऱ्यांना भूक लागे. केशरबाईंची लेक जाई आणि जावई पुंजाराम यांनी हे बरोबर हेरलं. फाटकाबाहेर टिनाच्या छपराखाली चार टेबलं टाकली आणि वर पाटी लावली, ‘एअरपोर्ट रेस्टॉरंट’. दुसऱ्यांच्या दुःखावर आपला तवा तापतो, हे जाईलाही कळत होतं. पण भाकरी थापताना असं काही मोठ्यानं बोलत नसतात.

अडचण वेगळीच होती. नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरचं खायचं नाही, हा केशरबाईंचा नेम. लग्नाला बरीच वर्षं झाली, नातवंड काही झालं नाही, आणि नेम तर सुटेना. लेकीकडे जाताना बाई पिशवीत आपली भाकर आणि पाण्याची बाटली नेत, आणि शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून खात. जाईच्या जिव्हारी लागे ते हे. आपल्या हातची वांग्याची भाजी आख्खं पोलीस खातं बोटं चाटून खातं, आणि आईनं एक घास घेतलेला नाही.

म्हणून तिनं निरोप धाडला, हे घर नाही, हॉटेल आहे, इथं ये. केशरबाईंनी उलट कळवलं, मग पैसे घेशील. आईकडून पैसे घ्यायला जाई तयार होईना, आणि फुकट खायला आई. गल्लीनं दोन्ही बाजू घेऊन महिनाभर भांडण चालवलं, निकाल काही लागला नाही. शेवटी केशरबाई नुसतं लेकीला पाहायला म्हणून निघाल्या. पिशवीत आपली भाकर होतीच.

नेमकं त्याच दिवशी पथक उतरलं आणि जाईच्या टेबलांवर जेवायला येऊन बसलं. साहेबांना दाखवायला काही शेतकरी बाया आणायच्या होत्या, पण त्यांची जीप वाटेत पंक्चर झाली. तहसीलच्या बाबूला घाम फुटला. तेवढ्यात त्याला कोपऱ्यातल्या टेबलाशी डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी अशा केशरबाई दिसल्या. त्यानं काही न विचारता बाईंना साहेबांसमोर नेऊन बसवलं.

केशरबाईंकडे शेत सोडा, तुळशीची कुंडीसुद्धा नव्हती. शेवयांसारखे सरगुंडे अन् पापड करून विकणारी बाई. साहेबांनी हिंदीत विचारलं, बाबूनं मराठीत केलं, औंदा कापूस किती झाला?

“गादीत हाय तेवढा,” केशरबाई म्हणाल्या.

बाबूनं साहेबांना काय सांगितलं देव जाणे, पण साहेबांचे डोळे भरून आले. उन्हानं त्यांची भूक मेलीच होती. समोर आलेलं आपलं ताट त्यांनी बाईंकडे सरकवलं. दोन भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. स्वयंपाकघराच्या दारात जाई उभी होती, हाताला पीठ तसंच.

केशरबाईंनी ताटाकडे पाहिलं, मग बाबूकडे.

“हे ताट कोनाचं व्हय?”

“सरकारचं. तुमी खा ना आजी.”

“पक्कं? हाटेलवालीचं नाई?”

बाबू वैतागला. पथकाचं सारं जेवण सरकारी खर्चात आहे, असं त्यानं दोनदा सांगितलं. तेव्हा कुठे केशरबाईंनी पदर सावरला, भाकर मोडली आणि खाली मान घालून जेवू लागल्या. पेपरवाल्यांनी फोटो काढले. दोन भाकरी संपल्या तशी त्यांनी मान वर न करता तिसरी मागितली. ती वाढायला जाई स्वतः आली, आणि तव्यावरची भाकर आईच्या ताटात टाकून तिथंच उभी राहिली. पिशवीतली भाकर बाईंनी परतीच्या वाटेवर एका कुत्र्याला घातली.

हे सारं कळल्यावर गल्ली गप्प बसते होय? समोरच्या माणिकबाई ओट्यावरून मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, नेम मोडला म्हणा की शेवटी, खाल्लंच लेकीचं.

केशरबाई चप्पल शिवत होत्या. सुई न थांबवता म्हणाल्या, “लेकीचं नाई, सरकारचं खाल्लं. पन भाजीत मीठ कमी होतं. ते काय सरकार सांगन तिले? मलेच जा लागन पुन्हा.”