पायरीवरची चटई

गेल्या मंगळवारी सकाळी सात वाजता सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावरून माझी आत्या दुखरे गुडघे न शेकताच परतली. तिला परतवणारा गृहस्थ महाडचा, तिथे नेहमी भेटणारा. उतरायच्या पायरीवर चटई आडवी टाकून डोळे मिटतो. खंड्या पक्षी ओरडला की एक डोळा उघडून वहीत टिपून ठेवतो.

"मावशी, आवाज नको. मी स्वतःला वेळ देतोय."

"दे की रे बाबा. मला पाय बुडवाया जागा दे."

तो हलला नाही. चटई ओलांडायची तर गुडघे धड हवेत. पाखरं आवाजावरून ओळखणाऱ्याला समोर लंगडणारी बाई दिसली नाही.

येत्या मंगळवारी सातला सवला या. आत्याचा हात धरा, चटईवरूनच खाली उतरा आणि मोठ्याने गप्पा मारा.