आधी बाळाची शी दाखवा

चहाच्या टपरीवरची टवाळ माणसं सुनिता सिस्टरला 'शीवाली बाई' म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नाही. गेली बावीस वर्षं ती पाटोद्याच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत राबते आहे. कुणी पेढे घेऊन आलं तरी तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, बाळानं शी केली का? केली असेल तर दाखवा. तोंडी सांगितलेलं ती मानत नाही.

हा हट्ट उगाच नाही. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तलवाड्याच्या एका कुटुंबानं घरी जायची घाई केली, हिनंही फार ताणून धरलं नाही आणि दीड दिवसाचं बाळ घरी गेलं. पाचवीची पूजा मांडायच्या दिवशी ते दगावलं. शी होण्याची वाटच आतून बंद होती, आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सुनिता तेव्हा दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून तिनं भीड सोडली ती सोडलीच.

यंदाच्या थंडीत भामाबाई आपल्या सुनेला, अंजूला, घेऊन आली. घर मेंढरं राखणारं. सोमवारी सकाळी अंजूला मुलगी झाली, चांगली पावणेतीन किलोची. मंगळवारी दुपारी भामाबाईनं गाठोडं बांधलं. बुधवारी अमावस्या, त्या दिवशी बाळंतिणीला हलवायचं नाही. गुरुवारी पहाटे मुलगा नाथा कळप घेऊन निघणार. गावाकडचा पिकअप दारात उभा होता.

"सिस्टर, सुट्टी द्या."

"शी झाली?"

"हुईल की घरी."

"मंग घरी पन मागनंच जायाचं. दोन दिवस ठेवायचा नियम हाय, मावशी. आन् शी बघितल्याबिगर तर मी सोडतच न्हाई."

"लई नर्सा बघितल्या, पर असली न्हाई बघितली! आमी मेंढरांची पन एवढी चौकशी करत न्हाई."

खोलीतल्या बाया खो खो हसल्या. सुनिताही हसली, पण जागची हलली नाही.

अर्ध्या तासानं भामाबाई एक फडकं नाचवत आली. "घ्या, झाली! आता तरी सोडा."

सुनितानं फडकं उलगडलं. शी पिवळी होती. बाळाची पहिली शी काळीकुट्ट असते, डांबरासारखी चिकट. पिवळी व्हायला तीन-चार दिवस जातात. शेजारच्या खाटेवर चार दिवसांचं पोर होतं आणि त्याची आई पदरात तोंड लपवत होती. म्हातारीनं चक्क दुसऱ्याच्या पोराची शी आणून दाखवली होती! सुनिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिनं राग गिळला, कारण नातीनं केली असती तर म्हातारीला उसनी आणायची गरजच पडली नसती.

तिनं बाळाला उचललं. पोट ढोलकीसारखं ताणलेलं. सकाळपासून बाळ हिरवं ओकत होतं, तेही अंजूनं आत्ता विचारल्यावर सांगितलं. बाहेरून शीची जागा अगदी नीट दिसत होती, म्हणून तर जन्मताच तपासूनही काही कळलं नव्हतं. तिनं मऊ नळीला तेल लावून ती हलकेच आत सरकवली. बोटाच्या पेराएवढी गेली आणि अडली.

डॉक्टरांनी तपासलं. "आतून बंद आहे. संभाजीनगरला ऑपरेशन करावं लागेल. आजच निघा."

भामाबाई सुनेवर उखडली. "गिरान लागलं तवा पोटुशी असून भाईर हिंडली असंल ही!"

"मावशी, गप बसा. तिचं काय बी चुकलं न्हाई. लेकरू पोटात घडतं तवा एखादी वाट अर्धीच ऱ्हाती. कुनाच्या हातात नसतंय ते. डॉक्टर आधी पोटावरून शीची वाट काढत्यात, पुढं मोठी झाली की नीट करत्यात. पर आता सांगितल्याबिगर दुधाचा थेंब बी द्यायचा न्हाई."

नाथानं कळप भावाच्या हवाली केला. ॲम्ब्युलन्सच्या दारात भामाबाई अडखळली. "सिस्टर, ते फडकं... शेजारच्या पोराचं व्हतं."

"मला ठाव हाय. चढा गाडीत."

बुधवार गेला, गुरुवार गेला. फोन नाही. आपणहून करायला सुनिताचा हात धजेना. तलवाड्याचं ते बाळ सारखं डोळ्यांपुढे येत होतं. शुक्रवारी दुपारी ती इंजेक्शन भरत असताना फोन वाजला.

"सिस्टर! केली! पोटाच्या वाटंनं का हुईना, पोरीनं शी केली!"

सुनितानं अख्ख्या खोलीला ओरडून सांगितलं. ज्या बायांना त्या पोरीचं नावगाव ठाऊक नव्हतं, त्यांनीही हात जोडले. सुनिताला रडू आवरेना.

"आन् ऐका," भामाबाईचा आवाज एकदम खाली आला. "हितले डॉक्टर म्हनत्यात, आता दूध पाजा. अंजू पोरीला मांडीवर घिऊन बसलीया. पर मी म्हनलं, थांब, आधी आपल्या सिस्टरला इचारते. पाजू का?"

"पाजा, मावशी," सुनिता म्हणाली. "पोटभर पाजा."