बोटाशिवाय न उघडणारा फोन

किशोरच्या जिभेला हाड नव्हतं. मुंबईत सात वर्षं मोबाइल विकून तो परतला आणि दोन हजार आठ साली पोलादपूरच्या एस.टी. स्टँडसमोर त्यानं गाळा घेतला. बोटाचा ठसा ओळखणारा परदेशी फोन तालुक्यात त्यानंच पहिल्यांदा आणला आणि दुप्पट भावानं चांगू डंपरवाल्याच्या गळ्यात मारला.

त्याच फोननं चांगूनं ठमाबाईच्या सेजलचे, नदीवर आंघोळ करतानाचे, चोरून फोटो काढले. बावीस वर्षांची पोर, लग्न ठरलेलं. लग्न मोड, नाहीतर फोटो गावभर दाखवीन, अशी धमकी दिली. सेजलनं विहिरीत उडी टाकली. कशीबशी वाचली.

ठमाबाई दुकानात आली. किशोरच्याच वाडीतली, लहानपणी त्याला कडेवर खेळवलेली.

"त्या मेल्याचा फोन कसा उघडतो रे?"

किशोरला सगळं कळलं होतं. पण समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि कपाटात तसलाच आणखी एक फोन विकायचा होता.

"काकी, त्याच्या बोटाशिवाय कुणाचा बाप खोलू शकत नाय. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. गॅरंटी हाय!"

मागचं झाकण काढून फोटोंचं कार्ड कुणालाही उपसता येतं, हे मात्र तो गिळून बसला.

ठमाबाई गेली. कमरेला बांधलेल्या लाकडी आकडीत कोयता अडकवलेला होता. डोंगरातल्या बाईच्या कमरेला तो असतोच, कोण बघतो?

बाजाराच्या दिवशी चांगू टपरीवर फोन मिरवत चहा पीत होता. तिनं मागून येऊन त्याचं उजवं मनगट टेबलावर दाबलं आणि फांदी तोडावी तसा अंगठ्याशेजारच्या बोटावर घाव घातला. तो अंगावर धावला तेव्हा दुसरा घाव खांद्यात बसला. टेबल रक्तानं भरलं, माणसं वाट फुटेल तिकडे पळाली.

तिनं फोन आणि बोट किशोरच्या काउंटरवर ठेवलं. ठसा ओळखणाऱ्या पट्टीवर बोट घासलं. तुटलेल्या बोटानं फोन उघडेना. पदरानं रक्त पुसून पुन्हा घासलं, मग फोन किशोरपुढं ढकलला.

"उघड की रे मुडद्या, त्याचंच बोट हाय!"

किशोरनं मागचं झाकण सरकवलं आणि नखाएवढं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

"ह्यात हायत फोटो, काकी."

"हे झाकण तवा पण निघत होतं?"

"निघत होतं."

ठमाबाईनं कोयता उगारला. किशोरनं डोळे मिटून घेतले. घाव पडला तो कार्डावर. काउंटरची काच फुटली. बाहेरून पोलिसांची शिट्टी ऐकू आली. ठमाबाई स्टुलावर बसली, कोयता पायाशी ठेवला.

"सेजलच्या लग्नाला मी नसणार. आई कुठं हाय इचारलंन, तर तूच सांग तिला."