चौकटीत न मावणारं तळं

बाबांचे गुडघे गेले आणि त्यांचं तळं सुटलं. लोणारला राहून तळ्यापाशी जाता येत नाही, याचा त्यांना मनस्वी राग यायचा. पूर्वी ते रोज सकाळी कडेवरच्या झऱ्यापाशी, धारेजवळून पायवाटेनं खाली उतरायचे, काठावरच्या देवळात थोडं बसायचे आणि वर येऊन कचेरी गाठायचे. आता नुसते ओसरीत खुर्ची टाकून बसतात. "उतरनं काय, आजबी उतरीन," म्हणतात, "चढनं होत नाही ना."

मी घरूनच काम करते. पडद्यावर ठोकळे मांडायचे, एकातून दुसऱ्यात वायर ओढायची, की प्रोग्राम तयार. म्हटलं, बाबांसाठी एक खिडकी बनवू. कॉम्प्युटर उघडला की समोर तळं. मैत्रिणीनं पाठवलेला, आकाशातून काढलेला भला मोठा फोटो माझ्याकडे होताच. चौकटीत बसवायला तो फक्त लहान करायचा होता.

दुपारची वेळ. पंखा संथ फिरत होता, बाहेर कडुलिंबाची सावली अंगणात झोपली होती. मी रुंदी-उंचीचे आकडे अंदाजानं टाकले आणि बाबांना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं.

"काय वं हे? तळं हाये का वांगं?"

फोटो चौकटीला ताणला गेला होता. गोल गरगरीत तळं लांबोडकं झालेलं. मी हसले, प्रमाण सांभाळून पुन्हा लहान केला. आता तळं गोल दिसलं, पण एवढंसं, बांगडीएवढं.

"आता गोल झालं," बाबा म्हणाले. "पन यात मी उतरू कुठून?"

मला वाईट वाटलं आणि चीडही आली. त्याच चिडीत लहान करणारा ठोकळाच काढून टाकला. फोटो आपल्या मूळ आकारात आला, तो चौकटीत मावेचना. नुसता वरचा भाग दिसला: आमच्या गावाकडची कड, थोडी झाडं आणि वाटेची सुरुवात. बाकी सगळं खाली दडलेलं. झाला बट्ट्याबोळ, म्हणत मी माउसला हात घातला.

"थांब. हात नको लावू."

बाबांनी माउस स्वतःकडे ओढला आणि बोटानं त्याचं चाक हळूच फिरवलं. फोटो जरासा वर सरकला. "हे धारेचं वळन," ते पुटपुटले. पुन्हा थोडं चाक. "इथं दगड सुटे हायेत, सांभाळून ये." मीही नकळत खुर्चीच्या कडेला सरकले. झाडी दाट झाली, वाट हरवली, पुन्हा सापडली. मध्ये एका झाडापाशी ते थांबले. "बस थोडं. इथं मी नेहमी बसतो." आम्ही खरंच बसलो. पंख्याचा वारा मला खालून आल्यासारखा, पाण्याच्या वासाचा लागला.

शेवटी देवळाचा माथा आला आणि त्यापुढे हिरवं, स्तब्ध पाणी. बाबांनी हात जोडले. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा निवांत पाहिला.

"आता वर कसे येणार?" मी चेष्टेनं विचारलं.

"वर कायले याचं? बंद कर. उद्या उघडशील तवा मी वरच असीन."

मला ती खिडकी बंद करवेना.